सवलतीचे मैल

विमानाच्या तिकिटावर एक अक्षर असतं. तिकिटाची पीडीएफ उघडली की आपण वेळ, टर्मिनल आणि सामान किती किलो चालेल एवढंच बघतो, त्यामुळे ते सहसा नजरेत भरत नाही. पण नीट शोधलंत तर 'क्लास' या शब्दापुढे वाय, बी, एम, के, क्यू, टी असं काहीतरी एकच अक्षर सापडेल. बहुतेक कंपन्यांत वाय म्हणजे इकॉनॉमीचं पूर्ण भाड्याचं तिकीट. बाकीची अक्षरं ही सवलतीची उतरंड. कुठलं अक्षर किती खाली, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

एकाच रांगेत शेजारी बसलेल्या तिघांची अक्षरं तीन असू शकतात. सीट तीच, गुडघे पुढच्या सीटला टेकणं तेच, उतरल्यावर बसमध्ये दांडा धरून उभं राहणंही तेच. फरक पडतो तो नंतर, खात्यात. मुंबई ते बंगळूर हवाई अंतर सुमारे ५२० मैल. अंतरावर मैल देण्याच्या जुन्या पद्धतीत पूर्ण भाडं भरणाऱ्याच्या खात्यात ५२० मैल जमा व्हायचे. सवलतीच्या अक्षराला कुठे त्यातले निम्मे, कुठे पाव, आणि अगदी तळाच्या अक्षराला बऱ्याचदा शून्य. तिघंही तेवढंच उडाले, पण कंपनीच्या वहीत एक जण बंगळूरला पोचला, दुसरा बेळगावच्या आसपास उतरला आणि तिसरा मुंबईतून हललाच नाही.

गेली दोन वर्षं मी तळाच्या अक्षरांवर उडतोय, म्हणून हे सगळं पाठ आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. ऑफिस बंगळूरला, घर कर्जतला. घरी आई, बाबा आणि आजी. आजी दोन वर्षांपूर्वी मोरीत पडली, तेव्हापासून अंथरुणात आहे. तिला उचलून बसवायला, कूस बदलायला, चादर काढायला दोन माणसं लागतात. आईचे गुडघे गेलेत आणि बाबांची कंबर. शुक्रवार ते सोमवार ते दुसरं माणूस मी असतो. मंगळवार ते गुरुवार मी बंगळूरला असतो आणि शेजारचा एक मुलगा सकाळ-संध्याकाळ येऊन जातो. ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस तोंड दाखवावं लागतं. माझा प्रोजेक्ट मुंबईच्या एका क्लायंटचा असल्यामुळे विमानाचा खर्च आतापर्यंत कंपनी देत होती.

तिकीट कंपनीच्या पोर्टलवरून निघतं आणि पोर्टल त्या वेळचं सगळ्यात स्वस्त तिकीटच काढू देतं. म्हणजे अक्षर मी निवडत नाही. मंगळवारी पहाटेची पहिली कर्जत लोकल, घाटकोपरला उतरून रिक्षा, मग विमानतळ. घरून विमानतळापर्यंत अडीच तास, हवेत दीड तास. गुरुवारी रात्री उलटं, आणि विमानाला उशीर झाला तर शेवटची कर्जत गाठायची धावपळ. या सगळ्यातला मोजला जातो तो फक्त हवेतला दीड तास, आणि तोही अक्षराच्या टक्क्याने.

*

या नादात एकदा शिरलं की माणूस बाहेर येत नाही, आणि मी तर व्यवसायानेच तक्ते वाचणारा माणूस. पहिली गोष्ट कळते ती ही की, ज्या कंपनीच्या विमानात बसलो तिच्याच खात्यात मैल टाकायची सक्ती नसते. विमान कंपन्यांचे जागतिक गट आहेत. एअर इंडिया जुलै २०१४मध्ये स्टार अलायन्समध्ये गेली. गटातल्या एका कंपनीच्या विमानात बसून मैल दुसऱ्या कंपनीच्या खात्यात घेता येतात, आणि प्रत्येकीचा तक्ता वेगळा. एकीकडे जे अक्षर शून्य, तेच दुसरीकडे निम्मं. त्यामुळे स्वस्त तिकिटावर फिरणारे लोक विमानापेक्षा तक्त्यांचाच जास्त अभ्यास करतात. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. तिकिटावरचं अक्षर दिलं की ती सांगायची, हा प्रवास कुठल्या खात्यात टाकला तर सर्वांत जास्त पदरात पडेल. लोकलमध्ये कल्याण येईपर्यंत हाच उद्योग.

तरी घोळ व्हायचेच. एकदा सलग सहा फेऱ्यांचे मैल आलेच नाहीत. विचारल्यावर उत्तर आलं की सदर अक्षर पात्र यादीतून काढण्यात आलेलं आहे. कधी काढलं, कोणाला सांगून काढलं, याचं उत्तर आलं नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या नादातल्या कोणालाही विचारा, प्रत्येकाकडे अशी एक कंपनी आहे.

या नादाचे काही संतही आहेत. १९९९मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या सिव्हिल इंजिनिअरला कळलं की एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या वेष्टनांवरचे बारकोड पाठवले की विमानाचे मैल मिळतात. त्या कंपनीचं सगळ्यात स्वस्त उत्पादन होतं पुडिंगची वाटी. त्याने १२,१५० वाट्या घेतल्या, ३,१४० डॉलर खर्च केले आणि साडेबारा लाखांच्या आसपास मैल मिळवले. वेष्टनं सोलायला माणसं हवीत म्हणून त्याने पुडिंग एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं आणि सोलण्याचं काम त्यांच्या स्वयंसेवकांकडून करून घेतलं. २००२च्या 'पंच-ड्रंक लव्ह' या सिनेमात हा किस्सा घेतलाय. ऐकायला मजा वाटते. मला त्यात एक साधी गोष्ट दिसली: या माणसाने मैल मिळवले, पण त्यासाठी तो कुठे गेला नव्हता. साडेबारा लाख मैल, आणि चाललेलं अंतर दुकानापर्यंतचं.

मग हे मैल नक्की कशाचे असतात?

*

उत्तर इतिहासात आहे. १९७८पर्यंत अमेरिकेत कुठल्या मार्गावर कोणी उडायचं आणि भाडं किती घ्यायचं हे सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी कायदा बदलला आणि कंपन्या मोकळ्या सुटल्या. भाडी घसरली, आणि प्रवासी आज या कंपनीकडे तर उद्या त्या कंपनीकडे जाऊ लागला. १ मे १९८१ला अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' ही मैलांची योजना आणली, आणि काही दिवसांतच युनायटेडनेही आपली आणली. प्रवाशाला पर्याय मिळाल्यावर तीन वर्षांत मैल जन्माला आले.

आपल्याकडेही तसंच. १९५३च्या कायद्याने नियमित विमानसेवा सरकारी कंपन्यांच्याच हातात होती. जेट एअरवेज मे १९९३मध्ये उडाली, १९९४मध्ये तो जुना कायदा रद्द झाला, आणि मैल, गुण, सोनेरी-रुपेरी कार्डं ही भाषा आपल्या विमानतळांवर आली. इंडिगोचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. २००६मध्ये सुरू झालेली ही कंपनी देशातली सगळ्यात मोठी झाली, अर्ध्याहून जास्त देशांतर्गत प्रवासी तिच्याकडे आले, तरी अठरा वर्षं तिने स्वतःची अशी मैलांची योजना काढली नाही. गरजच काय होती? बऱ्याच गावांहून सोयीच्या वेळेचं विमान तिचंच. २०२४मध्ये तिने मोठ्या, महागड्या सीट आणायचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी 'ब्लूचिप' नावाची गुणांची योजनाही आणली. कारण महागड्या सीटवर बसणाऱ्याला पर्याय असतो.

यात आणखी एक मेख आहे. ठरवणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा असला, की मैल सगळ्यात छान चालतात. ऑफिसच्या खर्चाने फिरणारा माणूस स्वतःच्या खिशातला एक रुपयाही न जाता दोन हजारांनी महाग तिकीट घेऊ शकतो, आणि त्याचे मैल मात्र स्वतःच्या खात्यात टाकू शकतो. २००२मध्ये जर्मनीत सरकारी कामाच्या प्रवासाचे मैल खासगी सहलींना वापरले म्हणून राजकारण्यांवर गदारोळ झाला आणि बर्लिन राज्याचे मंत्री ग्रेगोर गीझी यांनी राजीनामा दिला.

पुढे कंपन्यांनी मैल हा शब्द ठेवून अंतर काढून टाकलं. २०१५मध्ये डेल्टा आणि युनायटेड, २०१६मध्ये अमेरिकन, सगळ्यांनी आपल्या विमानातल्या प्रवासाचे मैल किलोमीटरवर न देता भरलेल्या पैशांवर द्यायला सुरुवात केली. एअर इंडियानेही २०२४मध्ये तीच पद्धत घेतली. आता अक्षराचा जाच कमी झाला, पण निकाल तोच लागतो: स्वस्त तिकिटाला थोडे गुण, महाग तिकिटाला पुष्कळ. २०२०च्या जूनमध्ये, कोविडमुळे विमानं जमिनीवर असताना, युनायटेडने आपली मैलांची योजनाच तारण ठेवून ५ अब्ज डॉलरचं कर्ज उभं करायचं जाहीर केलं. उडणं बंद, तरी मैलांना भाव होता.

आणि तुमच्या-माझ्या बाजूने बघितलं तर मैल म्हणजे फक्त एक वचन. किंगफिशर २०१२मध्ये बंद पडली तेव्हा तिच्या 'किंग क्लब'मध्ये साठवलेले गुण घेऊन लोक कुठे जाणार होते? हे वचन किती पाळायचं ते देणारा ठरवतो, आणि अटी बदलल्याचं ईमेलने कळवतो.

*

हे सगळं मी एका रविवारी बाबांना समजावत होतो. बाबा कर्जत ते व्हीटी चौतीस वर्षं गेले. १९८६ला फोर्टात एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात लागले आणि फेब्रुवारी २०२०मध्ये निवृत्त झाले. महिन्याभरात लोकल बंद पडली. ते अजून म्हणतात, माझ्यावाचून गाडी चालेना.

कर्जत स्टेशन मुंबईपासून बरोबर १०० किलोमीटरवर आहे. हिशेब सोपा. रोज २०० किलोमीटर, वर्षाला २७० दिवस धरले, चौतीस वर्षं. अठरा लाख छत्तीस हजार किलोमीटर. मैलांत अकरा लाख चाळीस हजार. विषुववृत्ताला पंचेचाळीस फेऱ्या घालून शिल्लक उरेल. चंद्रावर दोनदा जाऊन परत येता येईल आणि तिसऱ्या खेपेला पाऊण वाट काटून होईल. जायला दोन तास, यायला दोन तास धरले तर डब्यात काढलेला वेळ दिवस-रात्र धरून चार वर्षं दोन महिने.

अमेरिकन कंपन्यांत दहा लाख मैल झालेल्यांना 'मिलियन माइलर' म्हणतात. युनायटेडमध्ये त्या माणसाला जन्मभरासाठी गोल्ड दर्जा मिळतो, आणि तो दर्जा जोडीदारालाही देता येतो.

"बाबा, तुमचे अकरा लाख मैल झालेत."

बाबा पेपरात होते. "कुठे?"

"कर्जत ते व्हीटी. विमानात झाले असते तर जन्मभराचं गोल्ड कार्ड मिळालं असतं. तुम्हाला आणि आईलाही."

"तिला कशाला? ती कुठे येत होती?"

आतून आईचा आवाज आला, "पावणेचारला उठून डबा कोण करत होतं?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "तुझ्या त्या विमानाचा पास नाही का निघत?"

मी हसलो होतो. मग रात्री बसून पासाचा हिशेब मांडला आणि हसू थांबलं.

लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास म्हणजे साधारण पंधरा एकेरी प्रवासांचं भाडं. महिन्यातून पंचवीस दिवस गेलात तर जाऊन-येऊन पन्नास प्रवास होतात. पन्नास प्रवास पंधराच्या पैशांत, म्हणजे सत्तर टक्के सूट. तीन महिन्यांचा काढलात तर तीनपट नाही, २.७ पट पैसे. विमान कंपनीच्या भाषेत हे तळाच्याही तळाचं अक्षर झालं. म्हणून तर बाबांच्या अकरा लाख मैलांना शून्य.

पण या सवलतीत काय काय नाही ते बघा. पासावर अक्षर नाही. एका डब्यातल्या सगळ्या पासधारकांनी एकाच दराने पैसे भरलेले असतात, काल काढला म्हणून महाग आणि तीन आठवड्यांपूर्वी काढला म्हणून स्वस्त असं होत नाही. पैसे आधी भरायचे, मिळणार काय ते आधी माहीत. साठवायचं काही नाही, त्यामुळे बुडायचं काही नाही. तुम्ही रेल्वेवर प्रेम करावं अशी रेल्वेची अपेक्षा नाही. आणि या सवलतीने जे झालं ते कुठल्याही गोल्ड कार्डाने झालं नसतं: मुंबईत नोकरी करून कर्जतला राहता आलं. रेल्वे या बाजूला १८५६मध्ये आली, तेव्हा घाट व्हायचा होता आणि गाडी खोपोलीपर्यंतच जायची. त्यानंतरच्या किती पिढ्यांनी पहाटेची गाडी धरली आणि रात्री आपल्याच घरी येऊन झोपल्या. पळसदरीचे, केळवलीचे, डोलवलीचे, खोपोलीचे लोक तर आणखी पुढून येतात. पासाने त्यांना कुठे नेलं यापेक्षा कुठे राहू दिलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दर्जा वगैरे जो काही होता तो लोकांनी आपापसात तयार केला. गाडी कर्जतहून सुटते म्हणून सकाळी खिडकी कर्जतकराची. संध्याकाळी मात्र व्हीटीला जागा पकडायची आणि बसलेल्याने ठरलेल्या स्टेशनानंतर उभं राहून ग्रुपमधल्या दुसऱ्याला बसू द्यायचं. चौथ्या सीटवर टेकणाऱ्याला कोणी बोलायचं नाही. दसऱ्याला डबा सजवायचा, पूजा करायची, पेढे वाटायचे. बाबा निवृत्त झाले त्या संध्याकाळी ग्रुपने त्यांना डब्यातच शाल आणि नारळ दिला, दिवाचं स्टेशन जाताना. लाउंज म्हणाल तर तेच.

*

आता कोणी म्हणेल, सरकारला प्रवाशांची काळजी म्हणून पास स्वस्त. तसं नाही. जून २०१४मध्ये रेल्वेने भाडेवाढ जाहीर केली तेव्हा मासिक पास पंधराऐवजी तीस एकेरी प्रवासांच्या हिशेबाने द्यायचं ठरलं होतं. म्हणजे पासाचे पैसे एका फटक्यात दुप्पट. मुंबईत आरडाओरडा झाला, खासदार रेल्वेमंत्री सदानंद गौडांना भेटले, आणि अंमल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पासाचा जुना हिशेब परत आला. उपनगरी दुसऱ्या वर्गाची भाडेवाढ तर ८० किलोमीटरपर्यंत रद्दच झाली. कर्जत १०० वर. बाबांच्या ग्रुपमध्ये तेव्हा म्हणे एकच विनोद चालू होता, नेरळ-कर्जत उचलून वीस किलोमीटर अलीकडे आणा.

मला या दोन सवलतींमधला फरक तेव्हा लख्ख दिसला. ज्याला पर्याय आहे त्याला सवलत घरपोच येते, वर धन्यवादाचं ईमेल येतं. ज्याला पर्याय नाही त्याला सवलत मागून, भांडून घ्यावी लागते आणि मिळाल्यावर राखावी लागते.

खालापूरचा माझा मामा हे माझ्याआधीपासून जाणून आहे. द्रुतगती मार्गात आजोबांची थोडी जमीन गेली. उरलेल्या तुकड्यावर मामाने घर बांधलं आणि एक अर्टिगा घेतली. आता तो खालापूर, खोपोली, कर्जतच्या लोकांना विमानतळावर सोडतो. रात्री दोनला निघायचं, टोलनाका ओलांडायचा, चारला टर्मिनलच्या दारात, की परत. विमानतळाच्या दारापर्यंत तो हजारदा गेला असेल, आत एकदाही नाही. मी त्याला मैलांचे टक्के समजावून सांगितले तर म्हणाला, "अरे, रायगडात टक्के म्हटलं की आम्हाला एकच आठवतं."

साडेबारा टक्के. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांना विकसित जमिनीतला वाटा मिळावा, ही दि. बा. पाटलांची मागणी होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई परिसरात आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. पुढे विमानतळासाठी गावं हलवली तेव्हा आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला होता. ते विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरला सुरू झालं, आमच्याच जिल्ह्यात. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं कामही चालू आहे, साधारण ३० किलोमीटर, मध्ये मोहोपे आणि चौक. ती लोकल सुरू झाली की कर्जतहून विमानतळाकडे जायला घाटकोपरचा वळसा उरणार नाही.

"मागितल्याशिवाय कोणी टक्का देत नाही रे," मामा म्हणाला. "तुला मागितल्याशिवाय देतायत, तर बघ नीट. काहीतरी त्यांना पाहिजे असणार."

*

त्यांना काय पाहिजे होतं ते जानेवारीत कळलं, आणि तो प्रश्न विमान कंपनीचा नव्हताच. माझ्या ऑफिसातून पत्र आलं. १ एप्रिल २०२६पासून प्रवासखर्च बंद. तीन दिवस हजेरी कायम. बंगळूरला कायमचं यायचं असेल तर सामान हलवायचा खर्च कंपनी देईल. भाषा अतिशय सभ्य. त्यांच्या दृष्टीने त्यांनी मला पर्याय दिलेत.

मी कागद घेऊन बसलो. दर आठवड्याला स्वतःच्या पैशांनी जाऊन-येऊन विमान, म्हणजे पगाराचा मोठा तुकडा गेला. तिकडे खोली घेतली तर भाडं, आणि इथे आजीसाठी पूर्णवेळ माणूस. तो पैशाने मिळेल. पण आजी आता माणसं ओळखते ती हातावरून. नवीन हात लागला की अंग आवळून घेते आणि मग दोघांनाही ती उचलवत नाही.

मग मी मैल मोजले. सगळ्या खात्यांतले. अंतराच्या काळातले, पैशांच्या काळातले, क्रेडिट कार्डावरचे वळते केलेले. दोन वर्षांत मी साधारण नव्वद वेळा बंगळूरला जाऊन आलो. म्हणजे त्र्याण्णव हजारांवर मैल उडालो. त्या सगळ्याचं मिळून जे साचलं त्यातून मुंबई-बंगळूर जाऊन-येऊन किती फेऱ्या निघतात? मैलांवर देण्याच्या सीट प्रत्येक विमानात मोजक्याच असतात, त्या मिळाल्या पाहिजेत. वर कर आणि शुल्क रोख भरावं लागतं. हे सगळं धरून उत्तर आलं चार.

चार फेऱ्या. आठवड्याला एक, म्हणजे एक महिना.

दोन वर्षांच्या निष्ठेचा मिळाला एक मासिक पास. पहिल्यांदा वाईट वाटलं, मग आकड्याकडे बघत बसलो आणि बरंही वाटलं. लोक मैलांवर मालदीवला जातात, बिझनेस क्लासचे फोटो टाकतात. मी ते ज्यासाठी खर्च करणार त्याच्याशी कुठल्याही विमान कंपनीचा संबंध नव्हता. मला एक महिना घरी राहायचं होतं. शुक्रवार ते सोमवार, दुसरं माणूस म्हणून.

चारही फेऱ्यांची तिकिटं काढून झाली. ३१ मार्चचं जाणं ऑफिसच्याच तिकिटावर निघतं, त्यामुळे माझे मंगळवार ७, १४, २१ आणि २८ एप्रिल. शेवटचं परतीचं विमान ३० तारखेला, गुरुवारी रात्री. मैलांवर काढलेल्या तिकिटाला पुन्हा मैल मिळत नाहीत, म्हणजे खातं तिथून पुढे वाढणार नाही. ऐरोलीतल्या एका कंपनीत दोन मुलाखती झाल्यात, तिसरी बाकी आहे. पगार कमी आहे. कर्जतहून ठाणे, ठाण्याहून ऐरोली, दोन्हीकडे लोकल, आणि एकच पास चालतो.

बाबांना चार फेऱ्यांचं सांगितलं तेव्हा ते आजीच्या उशाशी होते. आम्ही दोघांनी तिला उचलून बसवलं, पाठीशी उशी लावली.

"म्हणजे महिन्याचा काढलास," बाबा म्हणाले.

"हो."

"तीन महिन्यांचा काढायचास. स्वस्त पडतो."